चार खांदे आणि एक झोळी

(आपल्या सेवाकार्याच्या वार्षिक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा हा मजकूर. मुलांची ओळख उघड होऊ नये म्हणून त्यांची व पाड्यांची नावे दिलेली नाहीत.)



आजच्या शास्त्रभागात आपण कफर्णहूमची गोष्ट ऐकली. पक्षघात झालेल्या एका माणसाला चौघांनी उचलून आणले. दारात गर्दी होती, म्हणून ते छपरावर चढले, छप्पर उघडले आणि त्याला प्रभूपुढे खाली सोडले. थिऑलॉजीचा डिप्लोमा करत असताना या भागावर मी एक निबंध लिहिला होता. चांगले गुणही मिळाले होते. पण ती गोष्ट मला खरी समजली सातपुड्यात आल्यावर.

आमच्याकडे अजूनही काही पाड्यांपर्यंत गाडी जात नाही. कोणी आजारी पडले, बाळंतीण अडली, तर बांबूला कापड बांधून झोळी करतात. एका वेळी दोन खांदे लागतात, पण दोघेजण कधीच निघत नाहीत. निदान चौघे निघतात. दोघे दमले की दुसरे दोघे खांदा देतात. चढावर कोणी एकटा बहाद्दर नसतो. आज मी तुम्हाला ज्या मुलांविषयी सांगणार आहे त्यांचेही तसेच आहे. ती एका खांद्यावर पेलत नाहीत.

ही मुले कोणती? ताप आला, औषध घेतले, बरा झाला, अशी ही मुले नाहीत. एकाच मुलाला मेंदूचा पक्षाघात म्हणजे सेरेब्रल पाल्सी असते, त्याला फिट्स येतात, त्याला गिळता नीट येत नाही, आणि म्हणून तो कुपोषितही असतो. किंवा सिकलसेल असते आणि त्यासोबत ऐकायला कमी येते. एका मुलाला चार डॉक्टर लागतात, आणि ते चारही डॉक्टर चार वेगळ्या दारांत बसतात. शहरातल्या आईलाही ही दारे शोधता शोधता नाकी नऊ येतात. धडगावच्या वरच्या पाड्यावरच्या, फक्त पावरी बोलणाऱ्या, दिवाळीनंतर ऊसतोडीला गुजरातेत जाणाऱ्या आईने काय करावे?

सरकारने काही केले नाही असे मी म्हणणार नाही. राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात आपल्याच महाराष्ट्रात, पालघरला, ६ फेब्रुवारी २०१३ रोजी झाली. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करणारी पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि शाळेत एकदा येतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकारची दिव्यांगत्वे आहेत, त्यांत सिकलसेलही आहे. पण तपासणीच्या दिवशी मूल शेतावर असेल, स्थलांतरात असेल, तर नोंद राहून जाते. नोंद झाली तरी जिल्ह्याच्या ठिकाणी एकदा जाऊन आल्यावर उरलेले ३६४ दिवस ते मूल घरातच असते. त्या दिवसांत त्याच्याजवळ आई असते, आशाताई असते, अंगणवाडी सेविका असते आणि उपकेंद्राची नर्स असते. त्यांना कोणी काय शिकवले, हा खरा प्रश्न आहे.

आता मला एक गोष्ट कबूल करायची आहे. ती मी आजवर मंडळीपुढे सांगितलेली नाही.

२०१९ च्या पावसाळ्याआधी मी एका पाड्यावर गेले होते. सात वर्षांचा मुलगा होता. हातपाय ताठ, मान सावरत नव्हती. बरगड्या मोजता येत होत्या. आई त्याला मांडीवर आडवे घेऊन वाटीने पातळ पेज पाजत होती आणि तो मध्ये मध्ये खोकत होता. मी दारातच उभी होते, मला पुढच्या पाड्यावर जायची घाई होती. मी तिला म्हणाले, "अगं, याला जास्त खायला घाल. दिवसातून पाच वेळा तरी दे. पोटात काही गेले नाही तर कसा वाढेल?" माझा आवाज चढलेला होता. ती काही बोलली नाही. त्या पावसाळ्यात त्याच्या छातीत कफ भरला आणि तो गेला. मी प्रार्थनेला गेले, आईचे सांत्वन केले, आणि अहवालात लिहिले : कुपोषण व न्यूमोनिया.

त्यानंतर दोन वर्षांनी, करोनाच्या काळात, शहरातल्या एका रुग्णालयातील बालरोगतज्ज्ञांनी आमच्या भागातल्या आरोग्यसेविकांसाठी पडद्यावरून प्रशिक्षण सुरू केले. दर पंधरा दिवसांनी, गुरुवारी दुपारी तीन वाजता, सव्वा तास. ही पद्धत त्यांनी शोधलेली नव्हती. २००३ साली अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको राज्यात डॉ. संजीव अरोरा या भारतीय वंशाच्या यकृततज्ज्ञांनी ती सुरू केली. हिपॅटायटिस सी चे रोगी त्यांच्या दवाखान्यात जागा मिळण्यासाठी महिनोन्‌महिने थांबत आणि शेकडो मैलांवरून येत. तेव्हा त्यांनी ठरवले, रोग्याला हलवायचे नाही, ज्ञान हलवायचे. गावोगावचे डॉक्टर आणि परिचारिका व्हिडिओवर एकत्र येत, आपापल्या रोग्याची हकिकत मांडत, आणि सगळे मिळून उपचार ठरवत. २०११ मध्ये त्यांनी ४०७ रोग्यांचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. विद्यापीठाच्या दवाखान्यात विषाणू नाहीसा झालेल्यांचे प्रमाण ५७.५ टक्के होते, आणि गावातल्या व तुरुंगातल्या केंद्रांत ५८.२ टक्के. म्हणजे गावचा हात शहरच्या हाताहून उणा ठरला नाही. त्या कामाचे नाव प्रोजेक्ट एको. एको म्हणजे प्रतिध्वनी. आमच्या दऱ्यांत राहणाऱ्यांना तो शब्द समजावून सांगावा लागत नाही. या डोंगरावरून हाक मारली की त्या डोंगरावरून ती परत येते.

पहिल्या गुरुवारी आम्ही अकरा जणी एका पडद्यासमोर बसलो. विषय होता, गिळण्याची अडचण असलेल्या मुलाला कसे भरवावे. भाषण पंधरा मिनिटांचेच होते. थेरपिस्ट मॅडम सांगत होत्या : अशा मुलाला आडवे ठेवून, मान मागे टाकून पातळ पदार्थ पाजला तर तो अन्ननलिकेऐवजी श्वासनलिकेत उतरू शकतो. जेवताना खोकला येणे, डोळ्यांत पाणी येणे, जेवणानंतर आवाज ओला घरघरीत होणे, छातीत वारंवार कफ होणे, एका जेवणाला अर्ध्या तासाहून जास्त वेळ लागणे, ही त्याची लक्षणे. अशा वेळी 'जास्त पाजा' हा सल्ला घातक ठरू शकतो.

मी पेन खाली ठेवले. माझ्यासमोर ती वाटी आली, तो खोकला आला, आणि दारात उभी राहून चढ्या आवाजात बोलणारी मी आले. तो मुलगा त्यामुळेच गेला असे आज कोणीही खात्रीने सांगू शकत नाही. डॉक्टरांनीही मला तेच सांगितले. पण मी जे बोलले ते चुकीचे होते, आणि मी ते प्रेमाने नव्हे, घाईने बोलले होते.

पुढच्या आठवड्यात मी त्या आईकडे गेले. या वेळी आत जाऊन जमिनीवर बसले. सोबतच्या आशाताईने पावरीतून सांगितले की ताई क्षमा मागायला आली आहे. ती बराच वेळ चुलीकडे बघत राहिली. मग म्हणाली, "त्या वेळी उभ्या उभ्या बोलून गेलात. आज बसलात." एवढेच. मग तिने कोरा चहा केला. माफ केले असे ती म्हणाली नाही, आणि मीही विचारले नाही. पण त्या दिवसापासून आम्ही नियम केला : या मुलांच्या घरी उभे राहून एकही सल्ला द्यायचा नाही. आधी बसायचे आणि मुलाचे एक पूर्ण जेवण पाहायचे.

आता दुसऱ्या एका मुलीविषयी सांगते. चार वर्षांची. जन्मताना रडली नव्हती. फिट्स येत. वजन आठ किलो. अंगणवाडीच्या नोंदवहीत ती कायम लाल रंगात. दोनदा पोषण पुनर्वसन केंद्रात राहून आली, तिथे थोडे वजन वाढे, घरी आले की उतरे. सगळे आईलाच बोलत.

तिची हकिकत आमच्या एका आशाताईने गुरुवारी मांडली. नाव नाही, गाव नाही, फक्त वय आणि त्रास. आईच्या परवानगीने तिने जेवणाचा दोन मिनिटांचा व्हिडिओ काढला होता. आशाताईचे शिक्षण दहावी. पडद्यावर मोठमोठे डॉक्टर. तिचे हात थरथरत होते. डॉक्टरसाहेबांनी पहिला प्रश्न विचारला, "ताई, तुम्हाला स्वतःला काय वाटते?" ती म्हणाली, "साहेब, आई खायला देते. मी पाहिले आहे. पोरीला घेता येत नाही." डॉक्टर म्हणाले, "मग निम्मे निदान तुम्हीच केलेत."

त्या दिवशी ठरले ते असे. मुलीला भरवताना बसवायचे, कंबर आणि गुडघे वाकलेले, डोके सरळ, हनुवटी किंचित खाली. पातळ पेजेऐवजी डाळभात मऊ मळून, त्यात चमचाभर तेल घालून घट्टसर द्यायचा. छोटा चमचा, छोटा घास, एक गिळल्याशिवाय दुसरा नाही. जेवणानंतर अर्धा तास आडवे करायचे नाही. बसवायला खुर्ची नव्हती, तर थेरपिस्ट मॅडमनी भिंतीचा कोपरा आणि धान्याचे पोते सुचवले.

मग औषधाचा विषय निघाला. फिट्सचे सिरप चालू होते, पण मात्रा दीड वर्षाची असताना ठरवलेली. मुलांची मात्रा वजनावर ठरते, मूल वाढले की ती पुन्हा तपासावी लागते, हे कोणाच्या ध्यानात आले नव्हते. शिवाय आई बाटलीच्या मापाऐवजी घरातला चमचा वापरत होती, कारण माप हरवले होते. तज्ज्ञांनी प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांशी बोलून मात्रा बदलली आणि आम्ही खुणा केलेली सिरिंज दिली. फिट आली तर कुशीवर वळवायचे, तोंडात काही घालायचे नाही, दाबून धरायचे नाही, वेळ पाहायची, पाच मिनिटांच्या वर गेली तर दवाखान्याची वाट धरायची, हे साऱ्या घराला शिकवले. औषध एक दिवसही आपल्या मनाने बंद करायचे नाही, हेही. कांदा हुंगवण्याची सवय होती, ती गेली. पाड्यावरच्या बडव्याशी आम्ही भांडलो नाही. त्यालाही बसवून सगळे दाखवले. आता फिट आलेले मूल त्याच्याकडे आणले तर तो आधी आशाताईला निरोप पाठवतो.

त्या पावसाळ्यात मुलीच्या छातीत कफ भरला नाही. वजन हळूहळू वाढले. फिट्स कमी झाल्या, थांबल्या नाहीत. आणि सहा महिन्यांनी एका गुरुवारी आम्ही तिच्या आईलाच पडद्यासमोर बसवले. तिने स्वतः कसे भरवते ते करून दाखवले. पलीकडून दुसऱ्या तालुक्यातल्या सेविका तिला प्रश्न विचारत होत्या आणि ती पावरीतून उत्तरे देत होती. जिला सगळे दोष देत होते, ती त्या दिवशी आमची गुरू झाली.

गेल्या वर्षी एका मंडळीत मी हे सांगितले तेव्हा एका आजोबांनी विचारले, "मग ती मुलगी चालायला लागली का?" नाही. ती चालत नाही. कदाचित कधीच चालणार नाही. तुम्हाला चालणाऱ्या मुलीची साक्ष ऐकायची होती, हे मला कळते. पण कफर्णहूमची गोष्ट पुन्हा वाचा. तो माणूस उठण्याआधी प्रभूने काय पाहिले? त्या चौघांचा विश्वास. उठवणे हे त्याचे काम. उचलून नेणे आणि छप्पर उघडणे हे आपले. आपण आपले काम अर्धवट टाकून त्याच्या कामाचा हिशेब विचारू नये.

या प्रशिक्षणाच्या मर्यादाही सांगायला हव्यात, नाहीतर माझे बोलणे जाहिरात होईल. पडद्यावरून स्नायूंचा ताठपणा हाताला लागत नाही, म्हणून थेरपिस्ट अधूनमधून प्रत्यक्ष यायलाच हव्यात. पावसात वीज जाते, टॉवर बंद पडतो, आणि डॉक्टरांचे तोंड हलते पण आवाज येत नाही. सुरुवातीला तज्ज्ञ अवघड शब्द वापरत आणि आमच्या बाया माना डोलावत. आता नियम आहे : जो शब्द आईला सांगता येत नाही तो इथे बोलायचा नाही. आणि सगळ्यात मोठी गोष्ट, आशाताईला कामाप्रमाणे मोबदला मिळतो. दोन तास डोंगर उतरून ती प्रशिक्षणाला येते तेव्हा तिची तेवढी कामे बुडतात. तिच्या शिकण्याची किंमत तिनेच मोजावी, हे न्यायाचे नाही.

म्हणून आता थोडे मागणे. तुम्ही दर वर्षी प्रेमाने वस्तू पाठवता. राग मानू नका, पण आमच्या व्हरांड्यात मोठ्या माणसांच्या तीन व्हीलचेअर उभ्या आहेत. त्या लहान मुलांच्या मापाच्या नाहीत आणि डोंगरवाटेवर चालत नाहीत. सध्या त्यांच्यावर कोंबड्या बसतात. त्याऐवजी गावच्या सुताराकडून मुलाच्या मापाची लाकडी खुर्ची करून घ्यायला मदत करा. मूल वाढले की तोच सुतार तिची उंची वाढवून देतो. प्रशिक्षणाला येणाऱ्या बायांचे गाडीभाडे, जेवण आणि बुडालेला रोज द्या. पावसाळ्यासाठी एक सौर बॅटरी द्या. आपल्या मंडळीत फिजिओथेरपिस्ट आहेत, परिचारिका आहेत, आहारतज्ज्ञ आहेत, मला ठाऊक आहे. त्यांनी पंधरवड्यातून एक तास द्यावा. घर सोडायचे नाही, डोंगर चढायचा नाही. पण एक अट आहे, शिकवायला या तसे शिकायलाही या. आमच्या बायांना माहीत असलेल्या पुष्कळ गोष्टी कोणत्याही पुस्तकात नाहीत.

आणि ज्यांना यांतले काहीच शक्य नाही त्यांनी गुरुवारी दुपारी तीन वाजता घड्याळाकडे लक्ष गेले तर एक लहानशी प्रार्थना करा. त्या वेळी सातपुड्यात कोणीतरी बाई थरथरत्या हाताने एका मुलाची हकिकत मांडत असेल. आवाज तुटू नये म्हणून प्रार्थना करा. त्या मुलाच्या आईसाठी करा. आणि माझ्यासाठीही करा, की मी पुन्हा कोणाच्या दारात उभ्या उभ्या बोलून निघून जाऊ नये.

चढ अजून बराच आहे. आमचे दोन खांदे दमलेले आहेत. पुढचे दोन तुमच्यातून यावेत.

प्रभू तुम्हा सर्वांना आशीर्वादित करो. आमेन.